पाठीराखा : एका शब्दाची वंशावळ व त्याची शिकवण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या संत योसेफाच्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. या मंगलप्रसंगीं आपणांपुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतों. पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिक जाणते वडीलधारे येथें विराजमान आहेत. म्हणून तें काम त्यांच्याकडे सोंपवून मी केवळ एका शब्दाविषयीं बोलणार आहें. हा शब्द या महोत्सवांत दोन ठिकाणीं आपल्या कानीं पडतो. नोव्हेनेच्या नऊही दिवसांत आपण संत योसेफास आपला 'पॅट्रन' म्हणतों. आणि स्मरणिकेसाठीं ज्यांनीं सढळ हातानें साहाय्य केलें, त्यांच्या यादीवरही 'पॅट्रन' हाच मथळा असतो. मराठींत आपण एकाला पालक संत म्हणतों व दुसऱ्याला आश्रयदाता. पण मूळ शब्द एकच. नाझरेथचा सुतार आणि गांवांतील सधन गृहस्थ हे एकाच नांवाखालीं कसे आले, व त्या नांवानें दोघांवर आणि आपणां सर्वांवर कोणतें ओझें ठेवलें आहे, याचा थोडा विचार करूं.

प्रथम या शब्दाचें घराणें पाहूं. 'पॅट्रन' हा शब्द आपल्याकडे इंग्रजींतून आला, इंग्रजींत तो फ्रेंचमधून गेला, आणि त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील 'पात्रोनुस' या शब्दांत आहे. 'पात्रोनुस'च्या मुळाशीं 'पातेर' म्हणजे पिता हा शब्द. लॅटिनचा 'पातेर' आणि संस्कृतचा 'पितृ' हीं एकाच आईचीं लेंकरें होत. सर विल्यम जोन्स यांनीं इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचें नातें विद्वानांपुढें मांडलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्यापूर्वीं दोनशें वर्षें, इ. स. १५८३ मध्यें, ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनीं गोव्याहून आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचें लिहून ठेवलें होतें, ही गोष्ट आपणां मराठी कॅथलिकांस विशेष अभिमानाची आहे.

आपल्याकडील प्राचीन निरुक्तकार यास्काचार्य यांनीं तर 'पिता' या शब्दाचा अर्थच रक्षण करणारा किंवा पालन करणारा असा सांगितला. म्हणजे रोमन माणसानें पित्यापासून रक्षणकर्त्याचें नांव घडविलें, आणि भारतीय पंडितानें रक्षणकर्त्याच्या कामावरून पित्याचा अर्थ लावला. या घराण्याची आणखी एक शाखा आपल्या दारीं आहेच. पोर्तुगीजांच्या 'पाद्रे'चा आपण 'पाद्री' केला. आणि स्नानसंस्काराच्या वेळीं बालकासाठीं जामीन राहणाऱ्या धर्मपित्यास पोर्तुगीज लोक 'पाद्रिन्यु' म्हणतात. पिता, पाद्री, पाद्रिन्यु आणि पॅट्रन हे सारे एकाच कुळांतले भाऊबंद आहेत.

आतां रोमन लोक 'पात्रोनुस' कोणास म्हणत तें पाहूं. रोमांत एखादा वजनदार गृहस्थ आपल्याहून दुर्बळ माणसास आपल्या छायेखालीं घेई. त्या दुर्बळास 'क्लिएन्स' म्हणत. आजच्या वकिलाचा 'क्लायंट' तो हाच. आश्रितानें सकाळीं उठून पात्रोनुसाच्या वाड्यावर मुजऱ्यास जावें, निवडणुकींत त्याच्या बाजूनें उभें राहावें, त्याच्या कन्येच्या हुंड्यास हातभार लावावा, तो शत्रूच्या हातीं सांपडला तर त्याच्या सुटकेसाठीं पैसा उभा करावा, अशी रीत होती. उलट पात्रोनुसानें त्याला कायदा समजावून सांगावा, त्याच्यासाठीं न्यायासनापुढें उभें राहावें, त्याचें घरदार सांभाळावें. दोघांपैकीं कोणींही दुसऱ्याविरुद्ध साक्ष देऊं नये, असाही दंडक होता.

येथें एक गोष्ट मोठी मननीय आहे. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकाच्या मध्यास रोमन लोकांनीं आपले कायदे बारा पाट्यांवर लिहून चव्हाट्यावर लावले. त्यांत असें एक कलम होतें, कीं ज्या पात्रोनुसानें आपल्या आश्रितास फसविलें असेल तो शापित समजला जावा. दुर्बळानें बलवंतास फसविल्यास काय करावें, याची काळजी सर्वच राज्यांतले कायदे वाहतात. पण बलवंतानें आपल्यावर विसंबलेल्या दुर्बळास फसविणें हें पाप मनुष्यांतून उठविण्याजोगें आहे, असें त्या मूर्तिपूजक लोकांसही वाटलें. महाकवि व्हर्जिल यानेंही पाताळांत यातना भोगणाऱ्यांच्या रांगेंत आश्रितास फसविणारा बसविला आहे.

या शब्दाचे आणखी दोन उपयोग होते. गुलामास मुक्त करणारा धनी त्या मुक्त माणसाचा पात्रोनुस होई, व तो मुक्त माणूस त्याचें कुलनाम धारण करी. सिसेरो या प्रसिद्ध वक्त्यानें आपला लेखनिक तिरो यास इसवी सनापूर्वीं ५३ मध्यें मुक्त केलें, तेव्हां तो मार्कुस तुल्लियुस तिरो झाला. दुसरा उपयोग न्यायमंदिरांतला. जो दुसऱ्यासाठीं बोलतो तो पात्रोनुस. इसवी सनापूर्वीं ७० मध्यें सिसिलीच्या प्रजेस लुबाडणाऱ्या वेर्रेस नांवाच्या सुभेदारावर खटला झाला, तेव्हां त्या गांजलेल्या बेटाच्या वतीनें सिसेरोच उभा राहिला. तेव्हां मुक्त करणें, आपलें नांव देणें आणि ज्याचा आवाज पोंचत नाहीं त्याच्यासाठीं बोलणें हीं या शब्दाचीं जुनीं कामें.

हाच शब्द पुढें श्रीसभेनें उचलला, आणि उचलतांना तो उलटा करून घेतला. इ. स. ३८६ मध्यें मिलान शहरीं बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन व त्याची माता जुस्टिना यांच्या दरबारानें एरियस पंथीयांसाठीं एका ख्रिस्तमंदिराची मागणी केली. महागुरु संत अँब्रोज यांनीं ती मान्य केली नाहीं. त्याच वर्षीं जेर्वासियुस व प्रोतासियुस या दोन हुतात्म्यांचे अवशेष त्यांना सांपडले. याचा वृत्तान्त अँब्रोज यांनीं आपली बहीण मार्सेलिना हिला पत्रानें कळविला. आपणांस असेच रक्षक हवे आहेत, जे राखण करूं शकतात परंतु कोणावर चालून जात नाहींत, असा त्या पत्रांतील एका विचाराचा आशय आहे. थोड्याच वर्षांनीं नोला येथील संत पाउलिनुस यांनीं हुतात्मा फेलिक्स यास आपला पात्रोनुस मानलें. पाउलिनुस हे स्वतः मोठ्या धनवान घराण्यांतले. हजारों लोक ज्याच्या दाराशीं मुजऱ्यास यावेत असा हा पुरुष आपली मालमत्ता सोडून एका हुतात्म्याच्या थडग्यापाशीं सेवक होऊन राहिला. ज्याच्याजवळ वाडा नाहीं, सैन्य नाहीं, देण्यास धन नाहीं, ज्याच्याजवळ केवळ देवापुढें दिलेली साक्ष आहे, तो आतां पात्रोनुस झाला.

श्रीसभेनें या शब्दाची मर्यादाही ठरविली आहे. इ. स. १९७३ मध्यें रोमहून निघालेल्या नियमांप्रमाणें पॅट्रन म्हणून पवित्र मरिया, देवदूत व संत यांचीच निवड होऊं शकते; परमपवित्र त्रैक्यास किंवा त्यांतील कोणाही व्यक्तीस पॅट्रन करतां येत नाहीं. नंदाखालच्या मंदिरास पवित्र आत्म्याचें नांव आहे, तें त्या मंदिराचें शीर्षनाम होय. कारण उघड आहे. पॅट्रन आपल्याबरोबर देवापुढें हात जोडतो. देवानें कोणापुढें हात जोडावयाचे? संत हा आपल्याच रांगेंतला, पण पुढें जाऊन पोंचलेला.

मात्र शब्दाचें भाग्य सदा सारखें राहात नाहीं. मध्ययुगांत ज्यानें स्वखर्चानें मंदिर बांधलें, त्यास तेथील धर्मगुरूचें नांव सुचविण्याचा हक्क मिळूं लागला, आणि त्या हक्कासही पॅट्रनचेंच नांव मिळालें. याच वाटेनें पोर्तुगालच्या राजांस पूर्वेकडील श्रीसभेचें पालकत्व मिळालें. पंधराव्या शतकापासून पोपमहाशयांनीं दिलेल्या सनदांत इ. स. १५१४ च्या सनदा मुख्य होत. यालाच 'पाद्रोआदो' म्हणतात. इ. स. १५३४ मध्यें गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि त्याच वर्षीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली. मंदिरें बांधणें, धर्मगुरूंचे वेतन चालविणें, हें राजाचें कर्तव्य. महागुरूंचीं नांवें सुचविणें हा राजाचा हक्क. न्यायानें बोलावयाचें तर या पालकत्वावांचून आपल्या कोंकणपट्टींतलीं कित्येक मंदिरें उभींच राहिलीं नसतीं. परंतु पुढें राजाचें बळ ओसरलें, कर्तव्य त्याच्यानें निभेना, तरी हक्क मात्र सुटेना. इ. स. १६२२ मध्यें रोमनें धर्मप्रसाराची 'प्रोपागांदा' नांवाची स्वतंत्र संस्था स्थापिली, आणि दोहोंच्या अधिकारांची ओढाताण सुरूं झाली. मुंबई बेटावर तर इ. स. १७९४ पासून दोन सत्ता शेजारीं शेजारीं नांदत होत्या. एकाच बेटावर कांहीं मंदिरें पाद्रोआदोचीं, कांहीं प्रोपागांदाचीं. ही दुही इ. स. १९२८ च्या करारानें मिटली, व इ. स. १९५० च्या करारानें पोर्तुगालनें भारतांतील धर्मप्रांतांवरील आपले उरलेले हक्कही सोडले. रक्षणासाठीं जन्मलेला शब्द असा दीर्घकाळ कज्जाचें कारण झाला.

परंतु याच इतिहासाचें दुसरें पान पाहा. इ. स. १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं घेतली. राजाचें पालकत्व त्या मुलुखांतून एका मोहिमेंत नाहींसें झालें. मग श्रद्धाही नाहींशी झाली काय? मुळींच नाहीं. मागें राहिलेल्या धर्मगुरूंनीं व गांवकऱ्यांनीं ती जपली. आणि वसईचा मुलूख आज स्वतंत्र धर्मप्रांत आहे, त्याची स्थापना इ. स. १९९८ मध्यें झाली. राजाचा आश्रय गेला. संतांची सोबत राहिली. आश्रयदाता आणि पाठीराखा यांतला भेद याहून स्पष्ट कोणता ग्रंथ सांगेल?

युरोपांतील भाषांतही या शब्दाच्या अशाच दोन वाटा झाल्या. इटालियन 'पाद्रोने' म्हणजे धनी, मालक; स्पॅनिश 'पात्रोन' म्हणजे जमीनदार किंवा मुकादमावरचा शेठ; फ्रेंच कामकरी आपल्या मालकास 'पात्रों' म्हणतो. ही एक वाट. दुसरी वाट शिंप्याच्या दुकानांतून जाते. ज्या कागदी नमुन्यावरून कापड बेततात, त्यालाही फ्रेंच लोक 'पात्रों'च म्हणतात, आणि इंग्रजीचा 'पॅटर्न' हा 'पॅट्रन'चाच दुसरा उच्चार. रक्षण करणाऱ्याकडे पाहून आपलें जीवन बेतावयाचें, म्हणून तो नमुनाही. मालक कीं नमुना, एवढाच प्रश्न या शब्दानें प्रत्येक पॅट्रनपुढें ठेविला आहे. इ. स. १९६४ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनेंही हेंच शिकविलें, कीं संतांची खरी भक्ति बाह्य आचारांच्या संख्येंत नसून आपल्या कृतिशील प्रीतीच्या तीव्रतेंत आहे.

आतां आपल्या मायमराठीकडे वळूं. या अर्थाचे शब्द आपल्याकडे थोडे नाहींत, आणि प्रत्येकाची शिकवण निराळी आहे. 'त्याला कोणी वाली नाहीं' असें आपण म्हणतों. 'वाली' हा शब्द मूळचा अरबी, व त्याच्या धातूंत जवळ असण्याचा अर्थ आहे. तेव्हां ज्याला वाली नाहीं, त्याच्याजवळ कोणी नाहीं. 'नाथ' म्हणजे आधार; म्हणून 'अनाथ' म्हणजे केवळ आईबाप नसलेलें मूल नव्हे. ज्याला आधार नाहीं असा कोणीही, सत्तर वर्षांचा म्हातारादेखील, अनाथच. 'आश्रयदाता' हा शब्द छप्पर देतो. छप्पर हवेंच, पण छप्पर देणारा नेहमीं छपराखालीं आपल्याबरोबर राहातोच असें नाहीं.

'कैवारी' हा शब्द तर आपल्या धर्मग्रंथांत अढळपदीं बसला आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभु येशूनें पवित्र आत्म्याविषयीं जो ग्रीक शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ बाजूस उभें राहण्यासाठीं बोलावलेला, असा होतो. लॅटिनमध्यें त्याचें भाषांतर वकिलाच्या अर्थाच्या शब्दानें केलें, आणि मराठी बायबलांत तेथें 'कैवारी' आहे. योहानाच्या पहिल्या पत्रांत हाच शब्द स्वतः प्रभु येशूस लाविला आहे. म्हणून आपला पहिला कैवारी ख्रिस्त. संतांचें कैवारीपण त्याच्यापासूनच आलेलें.

यांच्याच शेजारीं एक असा शब्द आहे, कीं त्यापासून मी आपणांस सावध करूं इच्छितों. तो शब्द 'वशिला'. हाही अरबींतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ साधन किंवा पोंचण्याचा मार्ग असा निर्मळ होता. पण आपण त्याला कचेरीच्या मागल्या दाराशीं नेऊन बसविलें. खरें सांगावयाचें तर आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत संत हा स्वर्गदरबारींचा वशिलाच असतो. मुलास नोकरी लागावी म्हणून नवस, खटला जिंकावा म्हणून मेणबत्ती. आणि खटला भावाविरुद्ध असला तरी मेणबत्ती लावतांना हात कांपत नाहीं! मागणें हें पाप नव्हे. लेंकरानें बापाजवळ मागावें. परंतु पॅट्रनचा वशिला झाला, कीं नमुना फाटून गेला असें समजावें.

उरला तो आपला घरगुती शब्द, 'पाठीराखा'. मला विचाराल तर हा सर्वांत सरस. माणसाचे डोळे पुढें पाहातात, पाठ उघडी असते. ती जो राखतो तो पाठीराखा. परंतु ज्याचें तोंड संकटाकडे आहे, त्यालाच पाठीराख्याचा उपयोग. जो तोंड फिरवून पळतो त्याची पाठ कोण राखणार? पालक मार्ग दाखवितो, आश्रयदाता छप्पर देतो. पाठीराखा मात्र आपल्यालाच पुढें उभें करतो आणि आपण पडूं नये म्हणून मागें राहातो. त्याचा चेहराही आपणांस दिसत नाहीं.

संत योसेफ हे असे पाठीराखे होते. शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडचा एकही शब्द नाहीं. हेरोदानें बालकाच्या जिवावर टपून राहावें, आणि योसेफानें रात्रीं उठून बालकास व मातेस घेऊन मिसर देशाची वाट धरावी. पुढें दोघें, मागें हे. इ. स. १८७० चा सप्टेंबर महिना आठवा. इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें, पोप नववे पायस यांच्या हातून राज्य गेलें, आणि ज्या राजेरजवाड्यांनीं श्रीसभेचें रक्षण करावें, त्यांपैकीं कोणीही धांवून आलें नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरच्या ८ तारखेस पोपमहाशयांनीं अखिल श्रीसभेचा पॅट्रन घोषित केला. तो कोणी सम्राट नव्हता; तो हाताला घट्टे पडलेला सुतार होता.

याच पोपमहाशयांनीं इ. स. १८६२ मध्यें आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सिया यांस संतपद दिलें. गोन्सालो यांचें जीवनकार्य आठवा. फ्रान्सिस्कन संघाचे हे ब्रदर जपानी भाषा उत्तम जाणत, इ. स. १५९३ मध्यें राजदूत म्हणून जपानला गेलेल्या फादर पेद्रो बाउतिस्ता यांचे ते दुभाषी होते. ज्याला तेथील भाषा येत नाहीं त्याच्यासाठीं बोलणारा, म्हणजे रोमन अर्थानेंही तो पात्रोनुसच! आणि इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें ते आपल्या सोबत्यांबरोबर क्रुसावर गेले. ज्यांच्यासाठीं बोलले, त्यांच्याबरोबरच मेले.

बंधुभगिनींनो, शब्दाचा अर्थ कळला आणि व्यवहार बदलला नाहीं तर तें पांडित्य कोरडें. आपल्या धर्मग्रामांत आज वाली नसलेले कोण आहेत? मुलें परदेशीं गेलीं आणि मोठ्या बंगल्यांत दोन म्हातारीं उरलीं. पैसा दर महिन्यास येतो, पण रात्रीं छातींत कळ आली तर दार ठोठावण्यास शेजारीं कोणी नाहीं. नवरा गेलेली बाई सात-बाराचा उतारा हातांत घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढते, आणि तिच्या वतीनें दोन शब्द बोलणारा कोणी नाहीं. दूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें आपल्याच मिस्सेस मागच्या बांकावर बसतात; त्यांना आपली मराठी येत नाहीं, आपणांस त्यांची बोली येत नाहीं, आणि मिस्सा संपली कीं आपण त्यांच्यावरून पुढें निघून जातों. गोन्सालोच्या गांववाल्यांस हें शोभतें काय?

ज्यांनीं देणग्या दिल्या त्यांचे आपण ऋणी आहोंत. मंदिराचें छप्पर शब्दांवर उभें राहात नाहीं. त्यांना माझी एवढीच नम्र विनंति, कीं बारा पाट्यांवरील तें कलम त्यांनीं स्मरणांत ठेवावें : जो आपल्यावर विसंबला त्यास फसवूं नये, मजुराची मजुरी, कुळाचा शब्द, नोकराचा पगार हीं वेळेवर व पुरीं द्यावीं. अशा हातांतून आलेली देणगीच वेदीस शोभते. आणि ज्यांचीं नांवें कोणत्याही यादींत नाहींत, पहाटे उठून पन्नास वर्षें या अंगणाचा केर काढणाऱ्या मावश्या, मयताची घंटा ऐकतांच खणतें घेऊन निघणारे काका, आजाऱ्याच्या उशाशीं रोजरी म्हणत बसणाऱ्या आज्या, त्या सर्वांनीं या धर्मग्रामाची पाठ राखली आहे. पॅट्रन ही पदवी आधीं त्यांची.

म्हणून माझी सूचना अशी. या सुवर्णमहोत्सवाचें स्मारक म्हणून आपल्या प्रत्येक आळींत दोन माणसें नेमावींत, एक पुरुष व एक स्त्री. इस्पितळांत, कचेरींत, शाळेंत किंवा चौकीवर ज्याला एकट्यानें जाण्याची भीति वाटते, त्याच्याबरोबर त्यांनीं जावें. एवढेंच त्यांचें काम. पैसा द्यावयाचा नाहीं, पुढारीपण करावयाचें नाहीं, छायाचित्र काढावयाचें नाहीं. ज्याचें काम त्यानेंच पुढें होऊन करावें, आणि यांनीं मागें उभें राहावें. त्यांना पाठीराखे म्हणावें. धर्मग्रामसमितीनें या सूचनेचा विचार करावा, अशी मी पूज्य धर्मगुरूंच्या चरणीं विनंति करतों.

गेलीं पन्नास वर्षें संत योसेफ आपल्या पाठीशीं उभे आहेत. पुढील पन्नास वर्षांत आपलें तोंड कर्तव्याकडे असो, आणि आपल्यामागें ते व आपल्या शेजाऱ्यामागें आपण, अशी ही रांग ख्रिस्तापर्यंत अखंड पोंचो, हीच पवित्र मातेच्या व संत योसेफाच्या मध्यस्थीनें परमेश्वराजवळ माझी प्रार्थना आहे. 

जय ख्रिस्त!